पत आणि उंची : लिव्हरपूल बंदराची कथा

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मर्सी नदी समुद्राला मिळते. तिच्या पूर्व तीरावर लिव्हरपूल हे बंदर वसले आहे. हे शहर पाहायचे तर प्रथम नदी ओलांडून पैलतीरी जावे आणि तेथून फेरीबोटीने परतावे. मध्ययुगात बर्कनहेडच्या मठातील ख्रिस्ती संन्यासी प्रवाशांना होडीतून पार नेत असत. बोट धक्क्यावरून सुटते, तपकिरी पाण्याला वेगाची ओढ असते, गार वारा अंगाला झोंबतो, आणि समोरच्या धुक्यातून एकेक शिखर स्पष्ट होऊ लागते.

प्रथम डोळ्यांत भरतात त्या नदीकाठच्या तीन भव्य वास्तू. घुमट मिरवणारी बंदर कचेरी १९०७ सालची, कनार्ड आगबोट कंपनीची इमारत १९१७ सालची, आणि त्यांच्या शेजारी दोन मनोऱ्यांची रॉयल लायव्हर बिल्डिंग १९११ सालची. तिच्या मनोऱ्यांवर तांब्याचे दोन प्रचंड पक्षी पंख उभारून बसले आहेत. शहराचा उच्चार लिव्हरपूल असला, तरी या पक्ष्यांना तेथे 'लायव्हर' म्हणतात. हे पक्षी ज्या दिवशी उडून जातील त्या दिवशी शहर नाहीसे होईल, असा तेथील लोकसमज आहे. या तीन वास्तूंच्या डाव्या हाताला आणि पाठीमागे काचेचे नवे बुरूज दिसतात. त्यांतील वेस्ट टॉवर २००८ साली पूर्ण झाला. तो ४० मजल्यांचा व १४० मीटर उंचीचा आहे. उजवीकडे टेकडीवर लालसर वालुकाश्माचे अवाढव्य कॅथीड्रल उभे आहे.

फेरीबोटीचा प्रवास काही मिनिटांचा. तेवढ्या वेळात प्रवाशाच्या नजरेसमोरून तीन शतकांची कमाई, उधळपट्टी आणि उमेद सरकत जाते. व्यापारी घराण्यात लहानपणापासून कानावर पडणारा एक शब्द आहे, 'पत'. दुकानाची पाटी मोठी की लहान, याला त्या घरात फारसे महत्त्व नसते. पाटीवरच्या नावाने किती दिवसांची उधारी मिळते, याला असते. लिव्हरपूलच्या उंच इमारतींकडे याच दृष्टीने पाहिले, तर त्या शहराची क्षितिजरेषा पतप्रतिष्ठेच्या एखाद्या जुन्या खातेवहीसारखी वाचता येते.

ओहोटीचे बंदर

राजा जॉन याने १२०७ साली सनद देऊन हे गाव वसवले, तेव्हा त्यात अवघे सात रस्ते होते. पुढची पाच शतके ते लहानच राहिले, कारण मर्सीची भरती-ओहोटी मोठी विलक्षण आहे. दोन्हींमधील पाण्याच्या पातळीचा फरक कधी कधी १० मीटरपर्यंत जातो. भरतीला डौलाने तरंगणारे जहाज ओहोटीला चिखलात कलंडते. माल उतरवण्यास वेळ लागे, आणि व्यापारात वेळ म्हणजे व्याज.

यावर तोडगा निघाला १७१५ साली. थॉमस स्टीर्स या अभियंत्याने नदीकाठी दारे असलेली एक गोदी बांधली. भरतीचे पाणी आत घ्यायचे आणि दारे लावून ते अडवून धरायचे, अशी ही योजना होती. व्यापारी जहाजांसाठी बांधलेली अशी बंदिस्त गोदी जगात पहिलीच. जहाजांचा आठवड्यांचा मुक्काम दिवसांवर आला, आणि मच्छीमारांच्या गावाचे महाबंदर होऊ लागले.

या भरभराटीची एक पान काळ्या शाईने लिहिलेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लिव्हरपूल हे ब्रिटनमधील गुलामव्यापाराचे सर्वांत मोठे बंदर बनले होते. आफ्रिकेतून माणसे पकडून अमेरिकेत विकायची आणि तेथून साखर, तंबाखू, कापूस आणायचा, या फेऱ्यांतून अनेक घराणी श्रीमंत झाली. १८०७ साली कायद्याने हा व्यापार बंद केला; परंतु अमेरिकेतून येणारा कापूस त्यानंतरही कित्येक वर्षे गुलामांच्याच हातून पिकत होता. शहराने हे लपवलेले नाही. २००७ साली जुन्या गोदीच्या वखारीत गुलामगिरीचा इतिहास सांगणारे आंतरराष्ट्रीय संग्रहालय उघडले. जमाखर्चातील नावेची बाजू उघडपणे मांडण्याचे हे धैर्य दखल घेण्याजोगे आहे.

ती जुनी गोदी म्हणजे अल्बर्ट डॉक. जेसी हार्टली या अभियंत्याने बांधलेली ही गोदी १८४६ साली सुरू झाली. त्या काळी वखारींना वारंवार आगी लागत आणि लाखोंचा माल भस्मसात होई. हार्टलीने ओतीव लोखंड, वीट आणि दगड यांचीच वखार रचली. इमारतीच्या सांगाड्यात लाकूड वापरलेच नाही. माल जहाजातून थेट वखारीत चढू लागला. या वखारी पाच मजली आहेत, शिखरे-कळस काही नाहीत. तरीही त्यांच्यापुढे उभे राहिले की उंच भिंतींचा धाक वाटतो. येथे उंची मिरवण्यासाठी नव्हती. दुसऱ्याचा माल सुरक्षित ठेवण्याच्या जबाबदारीतून ती आली होती.

कापसाचा चौक आणि मुंबईचा मनोरा

लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा कापूस लिव्हरपूललाच उतरे. नगरभवनामागील 'एक्स्चेंज फ्लॅग्ज' या फरसबंद चौकात कापसाचे दलाल उघड्यावर उभे राहून सौदे करीत. पावसात, थंडीतही बाजार तेथेच भरे. हजारो गाठींचा व्यवहार तोंडी शब्दावर ठरे आणि तो शब्द पाळला जाई. १८४१ साली दलालांनी आपला संघ स्थापन केला. जहाज समुद्रात असतानाच त्यातील माल विकण्याच्या प्रथेतून पुढे वायदेबाजार आकाराला आला. १९०६ साली या बाजारासाठी ओल्ड हॉल स्ट्रीटवर एक देखणी इमारत उभी राहिली. तिचा दर्शनी भाग १९६० च्या दशकात पाडला गेला, बाजारही ओसरला. मात्र लिव्हरपूलच्या कापूस संघटनेचे नियम आजही टिकून आहेत. जगातील बहुतांश आंतरराष्ट्रीय कापूस व्यवहार त्याच नियमांनी होतात आणि वाद झाल्यास निवाडाही त्यांनुसारच होतो. इमारत गेली, पत उरली.

या चौकाचा धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. लिव्हरपूलच्या भावपत्रकांत हिंदी कापसाच्या प्रकारांना त्या त्या गावांची नावे असत. भडोच, धोलेरा, धारवाड यांच्या जोडीला 'ऊमरा' असे एक नाव दिसे. ते वऱ्हाडातील अमरावतीवरून पडले होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लिव्हरपूलचे डोळे मुंबईकडे लागले. वऱ्हाड-गुजरातच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला.

त्या पुरावर स्वार झालेले सर्वांत मोठे नाव म्हणजे प्रेमचंद रायचंद. सुरतेहून आलेल्या या जैन व्यापाऱ्याच्या शब्दावर त्या काळी मुंबईचा बाजार हलत असे. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना समुद्रातच गाठून लिव्हरपूलचे ताजे भाव सर्वांआधी मिळवण्यासाठी ते माणसे पाठवीत, अशी आख्यायिका आहे. वैभवाच्या शिखरावर असताना, १८६४ साली, त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले आणि त्यापाठोपाठ घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचे नाव द्यावे, एवढीच त्यांची इच्छा. वृद्धपणी दृष्टी गेलेल्या राजाबाईंना घंटेच्या नादावरून वेळ कळावी आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचे व्रत कोणाच्या आधाराशिवाय पाळता यावे, हा त्यामागचा हेतू होता, असे परंपरेने सांगितले जाते.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले, मुंबईतील सट्ट्याचा डोलारा ढासळला, बँका बुडाल्या आणि स्वतः प्रेमचंदांचीही प्रचंड हानी झाली. त्या काळात कागदावर उभ्या राहिलेल्या कित्येक कंपन्यांचे आज नावही उरलेले नाही. दानाने दिलेला मनोरा मात्र १८६९ ते १८७८ या काळात बांधून पूर्ण झाला. २८० फूट उंचीचा राजाबाई टॉवर आजही मुंबईच्या ओव्हल मैदानाकाठी उभा आहे. त्याचा आराखडा काढला होता सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने. पुढे १९०३ साली लिव्हरपूलच्या कॅथीड्रलसाठी स्पर्धा झाली, तेव्हा अवघ्या २२ वर्षांचा एक तरुण विजयी ठरला. त्याचे नाव जाईल्स गिल्बर्ट स्कॉट. तो सर जॉर्ज यांचा नातू. आजोबांच्या हातचा मनोरा मुंबईत, नातवाच्या हातचा लिव्हरपुलात, आणि दोन्ही शहरांना जोडणारा धागा कापसाचा.

नातवाचे काम सहजासहजी पुरे झाले नाही. १९०४ साली पायाभरणी झाली, पण दोन महायुद्धे आडवी आली. स्कॉट १९६० साली वारला, तेव्हाही बांधकाम चालूच होते. कॅथीड्रल पूर्ण झाले ते १९७८ साली. सुमारे १०१ मीटर उंचीचा तो मनोरा चौऱ्याहत्तर वर्षांच्या सातत्याची साक्ष देतो.

पेनीपेनीने चढलेले मजले

उंच इमारतींची कला आज अमेरिकेच्या नावावर जमा आहे. पण तिची काही मुळाक्षरे लिव्हरपूलमध्ये गिरवली गेली. वॉटर स्ट्रीटवर १८६४ साली पीटर एलिस या वास्तुविशारदाने 'ओरिएल चेंबर्स' ही कचेऱ्यांची इमारत बांधली. तिचा भार लोखंडी सांगाड्याने उचलला, आणि भिंतींच्या जागी काचेच्या पुढे आलेल्या खिडक्यांच्या रांगा बसल्या. इंग्लंडच्या मळभात उजेड दुर्मीळ, आणि कचेरीतील कारकुनांना तो जितका मिळेल तितका हवा. समकालीन टीकाकारांनी या इमारतीची यथेच्छ टवाळी केली, आणि एलिसचे वास्तुविशारद म्हणून पुढे फारसे नाव झाले नाही. त्याच सुमारास यादवी युद्धामुळे अमेरिकेतून लिव्हरपूलला पाठवलेला जॉन रूट नावाचा एक किशोर तेथे शिकत होता. तोच पुढे शिकागोच्या गगनचुंबी इमारतींचा एक अध्वर्यू झाला. एलिसच्या काचेच्या भिंती त्याच्या मनावर ठसल्या असाव्यात, असे काही अभ्यासकांना वाटते.

लोखंडानंतर काँक्रीट आले. येथे रॉयल लायव्हर बिल्डिंगची कथा सुरू होते. ती सम्राटाची किंवा एखाद्या कोट्यधीशाची नाही. १८५० साली लिव्हरपूलमधील काही कष्टकऱ्यांनी 'लायव्हर' नावाच्या एका खाणावळीत जमून एक अंत्यविधी मंडळी स्थापन केली. घरात मृत्यू झाला तर सन्मानाने दफन करण्यापुरता पैसा असावा, सार्वजनिक खड्ड्यात बेवारस पडण्याची वेळ येऊ नये, एवढीच त्यांची माफक आकांक्षा. सभासद आठवड्याला पेनी-पेनी देत. वसुलीदार दारोदार हिंडून ती गोळा करीत. साठ वर्षांत या पेनींची एवढी रास झाली, की मंडळीला कचेरीसाठी शहरातील सर्वांत मोक्याच्या जागी, नदीच्या तोंडावर, इमारत उभारता आली.

वॉल्टर ऑब्री टॉमस या वास्तुविशारदाने तिच्यासाठी पोलादी सळ्यांनी बळकट केलेले काँक्रीट वापरले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे तंत्र वापरणाऱ्या जगातील आरंभीच्या इमारतींपैकी ती एक. पक्ष्यांच्या माथ्यापर्यंत तिची उंची सुमारे ९८ मीटर भरते. तिच्या घड्याळाच्या तबकड्यांचा व्यास २५ फूट, म्हणजे लंडनच्या बिग बेनहून अधिक. २२ जून १९११ रोजी, पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या घटकेला, हे घड्याळ सुरू करण्यात आले.

मनोऱ्यांवरचे पक्षी घडवले कार्ल बर्नार्ड बार्टेल्स या जर्मन कारागिराने. तो इंग्लंडमध्येच स्थायिक झाला होता. पहिले महायुद्ध सुरू होताच शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून त्याला स्थानबद्ध केले गेले, आणि युद्धानंतर देशाबाहेर घालवले गेले. ज्या शहराच्या माथ्यावर त्याचे पक्षी बसले होते, त्या शहराला त्याच्या नावाचा विसर पडला. इमारतीच्या शताब्दीला, २०११ साली, शहराने त्याचा मरणोत्तर गौरव केला. उशिरा का होईना, एक जुने देणे फिटले.

अनुदानाने वाढलेली उंची

विसाव्या शतकाने लिव्हरपूलची कठोर परीक्षा घेतली. मे १९४१ च्या पहिल्या आठवड्यात जर्मन विमानांनी सलग सात रात्री बाँबवर्षाव केला. त्यात सुमारे १,७०० माणसे मृत्युमुखी पडली. युद्धानंतर व्यापाराची दिशा अटलांटिकपासून युरोपकडे वळली, कंटेनर आले, आणि हजारो हमालांचे काम यारीने केले. १९७२ साली अल्बर्ट डॉकला टाळे लागले. १९३० च्या सुमारास साडेआठ लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २००१ मध्ये ४ लाख ४० हजारांवर आली. एका पिढीच्या डोळ्यांदेखत अर्धे शहर रिते झाले.

याच पडत्या काळात शहराने सर्वाधिक उंच घरे बांधली, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. जुन्या चाळवजा वस्त्या दमट आणि अंधाऱ्या होत्या, त्या पाडणे गरजेचे होते. १९५६ च्या कायद्याने इमारतीचे मजले वाढतील तसे सरकारी अनुदानही वाढेल, अशी व्यवस्था केली. नगरपालिकांनी हिशेब मांडला आणि एव्हर्टनच्या टेकडीवर बहुमजली गृहसंकुले उभी राहिली. राहणाऱ्याला काय हवे, हा प्रश्न त्या हिशेबात कोठेच नव्हता. लिफ्ट बंद पडू लागल्या, भिंतींना ओल आली, खाली खेळणारे मूल पंधराव्या मजल्यावरच्या आईच्या हाकेच्या टप्प्यात राहिले नाही. ज्या गल्लीत दाराच्या उंबऱ्यावर बसून शेजारणी बोलत, ती गल्लीच नाहीशी झाली. एव्हर्टनमधील तीन इमारतींची दुर्दशा इतकी झाली, की लोक त्यांना 'डुकरांचे गोठे' या अर्थाच्या नावाने ओळखू लागले. पुरती वीस-बावीस वर्षेही झाली नसतील, तोच त्या जमीनदोस्त झाल्या.

१९९३ साली केंद्र शासनाने एक स्वतंत्र न्यास नेमून शहरातील ६७ बहुमजली इमारती त्याच्याकडे सोपवल्या. न्यासाने रहिवाशांना विचारून निर्णय घेतले. बहुसंख्य इमारती पाडल्या गेल्या, काही दुरुस्त झाल्या, आणि लोकांसाठी जमिनीलगतची घरे बांधली गेली. आज एव्हर्टनच्या टेकडीवर विस्तीर्ण उद्यान आहे. स्वच्छ दिवशी तेथून समुद्र आणि पलीकडे वेल्सचे डोंगर दिसतात. एके काळी हे दृश्य हजारो कुटुंबांना खिडकीतून दिसत होते; त्यांतल्या फार थोड्यांनी ते सुखाने पाहिले.

मानपत्र आणि भूक

१९८० च्या दशकात अल्बर्ट डॉकचा जीर्णोद्धार झाला. वखारींत संग्रहालये, दुकाने आणि उपाहारगृहे आली. शहर सावरू लागले. २००४ साली 'युनेस्को'ने लिव्हरपूलच्या गोद्या, वखारी आणि व्यापारपेठ यांचे सहा विभाग जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. सागरी व्यापाराचे शहर म्हणून मिळालेले हे मानपत्र मोठे होते.

परंतु शहराच्या उत्तरेस मैलोगणती गोद्या ओसाड पडल्या होत्या. उंच दगडी कोटाआड गवत माजले होते, आणि कोटाबाहेरच्या वस्त्या इंग्लंडमधील सर्वांत गरीब वस्त्यांत गणल्या जात होत्या. या ६० हेक्टर जागेवर साडेपाच अब्ज पौंडांची 'लिव्हरपूल वॉटर्स' ही योजना पुढे आली. तीत काचेच्या बुरुजांची रांग होती. सर्वांत उंच बुरूज ५५ मजल्यांचा असणार होता. नगरपालिकेने मान्यता दिली आणि २०१२ साली युनेस्कोने शहराचे नाव धोक्यातील वारशाच्या यादीत टाकले.

मग नऊ वर्षे वाद चालला. दोन्ही बाजूंचे म्हणणे विचारात घेण्यासारखे होते. युनेस्कोच्या मते गोद्यांचे सौंदर्य त्यांच्या आडव्या विस्तारात होते. पाणी, कोट, वखारी आणि मोकळे आकाश यांच्या मेळातून बंदराचा इतिहास बोलत होता. त्यात ५५ मजले खुपसले तर तो मेळ कायमचा तुटणार होता. नगरपालिकेचे उत्तर साधे होते. वारशाच्या ताम्रपटाने पोट भरत नाही. मोडक्या गोदीकडे पाहण्यास कोणी येत नाही, आणि गुंतवणूक आली म्हणूनच कितीतरी जुन्या वास्तू दुरुस्त झाल्या.

या दाव्याला एक भक्कम पुरावाही होता. स्टॅन्ली डॉकच्या काठी १९०१ सालची चौदा मजली तंबाखू वखार आहे. २ कोटी ७० लाख विटांची ही इमारत जगातील सर्वांत मोठी विटांची वखार म्हणून ओळखली जाते. अनेक दशके ती कबुतरांच्या ताब्यात होती. आता तिच्यात घरे झाली आहेत आणि समोरच्या वखारीत हॉटेल आले आहे. जुन्या उंचीला नवे जीवन देता येते, हे तेथे दिसते. मात्र त्याच परिसरातील १८४८ सालची ब्रॅम्ली-मूर गोदी नव्या फुटबॉल मैदानासाठी समुद्रातून उपसलेल्या वाळूने भरण्यात आली. २०२५ पासून तेथे सुमारे ५३ हजार प्रेक्षक सामने पाहतात. गरीब वस्तीच्या उंबऱ्याशी वर्दळ आली हे खरे, आणि भरलेल्या गोदीत पुन्हा पाणी येणार नाही हेही खरे.

२१ जुलै २०२१ रोजी युनेस्कोच्या समितीने १३ विरुद्ध ५ मतांनी लिव्हरपूलला यादीतून वगळले. ओमानमधील हरणांचे अभयारण्य आणि जर्मनीतील ड्रेस्डेनचे नदीखोरे यांच्यानंतर असे मानपत्र गमावणारे हे जगातील तिसरेच स्थळ. ज्या ५५ मजली बुरुजावरून एवढे रण पेटले, तो आजतागायत उभा राहिलेला नाही.

आगाऊ पैशांचे सांगाडे

वारशाच्या वादापेक्षा व्यापारी कुटुंबांनी अधिक लक्ष द्यावे, असा आणखी एक अध्याय या शहरात घडला. गेल्या दशकात लिव्हरपूलमध्ये विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि छोट्या सदनिका यांचे मनोरे मोठ्या संख्येने जाहीर झाले. पद्धत अशी होती : इमारतीचा पाया घालण्यापूर्वीच एकेक खोली देशोदेशीच्या लहान गुंतवणूकदारांना विकायची. हाँगकाँग, चीन, सिंगापूर येथील कुटुंबांनी मुलाबाळांच्या भविष्यासाठी साठवलेला पैसा त्यात घातला. किमतीचा मोठा हिस्सा, कधी निम्मा, कधी त्याहूनही अधिक, आगाऊ घेतला जाई. ठरावीक भाड्याची हमी गुळगुळीत कागदावर छापलेली असे. प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी कंपनी, आणि त्या कंपनीजवळ जमिनीच्या तुकड्याखेरीज काहीच नसे.

यांतील काही इमारती पूर्ण झाल्या आणि आज भरलेल्या आहेत. काही मात्र अर्ध्यावर थांबल्या. पैसा दलाली आणि जाहिरातींत आटला, कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि हजारो मैलांवरच्या खरेदीदाराच्या हाती उरला तो एक करारनामा. देणेकऱ्यांच्या रांगेत तारणदार बँक आधी, तो शेवटी. शहराच्या मध्यवस्तीत पावसात गंजणारे सळयांचे सांगाडे आणि पत्र्यांच्या कुंपणाआडची खोदलेली मैदाने वर्षानुवर्षे तशीच राहिली. २०२१ साली केंद्र शासनाने केलेल्या तपासणीत नगरपालिकेच्या मालमत्ताविषयक कारभारात गंभीर दोष आढळले, आणि देखरेखीसाठी आयुक्त नेमावे लागले.

भारतातील वाचकाला हे चित्र अपरिचित नाही. खरेदीदारांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवण्याची सक्ती आपल्याकडे २०१६ च्या रेरा कायद्याने केली, ती अशाच अनुभवांतून. आगाऊ पैसे घेणे हा दोष नव्हे. लिव्हरपूलचा वायदेबाजारही न आलेल्या मालावरच उभा होता. फरक इतकाच, की एक्स्चेंज फ्लॅग्जच्या चौकातील दलालाला दुसऱ्या दिवशी त्याच चौकात, त्याच माणसांसमोर उभे राहावे लागे. आगाऊ पैशांवर मनोरे रचणाऱ्याला खरेदीदाराचे तोंड पाहण्याची वेळच येत नव्हती.

दोन मनोरे

संध्याकाळी फेरीबोट पुन्हा पैलतीराकडे निघते. मागे शहराचे दिवे लागतात. वेस्ट टॉवरच्या काचांवर मावळतीचा तांबूस प्रकाश रेंगाळतो, कॅथीड्रलचा मनोरा काळसर होतो, आणि लायव्हर बिल्डिंगच्या तबकड्या उजळतात. दोन पक्षी एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतात : एकाची नजर समुद्राकडे, दुसऱ्याची शहराकडे. आंधळ्या जुन्या प्रेमाने समुद्राकडेच पाहत बसले, तर शहराच्या गरजा दिसत नाहीत. आणि केवळ शहराच्या आजच्या भुकेकडे पाहिले, तर ज्या पाण्याने शहर घडवले त्याचा विसर पडतो. शहाण्या शहराला दोन्ही नजरा लागतात.

सात समुद्रांपलीकडे ओव्हल मैदानाकाठी राजाबाई टॉवरही याच वेळी दिव्यांनी उजळत असतो. लिव्हरपूलने मानपत्र गमावण्याच्या तीनच वर्षे आधी, २०१८ साली, मुंबईतील व्हिक्टोरियन व आर्ट डेको वास्तूंच्या समूहाला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. राजाबाई टॉवर त्या समूहात आहे. त्याच्या आसपासच्या मुंबईत, काळबादेवीपासून गिरगावापर्यंत, जुन्या चाळी आणि वाड्या पुनर्विकासासाठी रित्या होत आहेत. त्यांच्या जागी चाळीस-चाळीस मजले चढत आहेत, आणि कित्येक कुटुंबे आपल्या पेढीवरचे घर सोडून नव्या घराच्या करारावर सही करीत आहेत. दाटीवाटीच्या शहराला उंच घरांवाचून गत्यंतर नाही, हे मान्यच आहे. मात्र सही करण्यापूर्वी लिव्हरपूलचा नदीकाठ एकदा आठवावा. तेथे गरिबांच्या पेनींतून चढलेले मजले शंभर वर्षांनंतरही ताठ उभे आहेत, अनुदानाच्या हिशेबाने चढलेले मजले पंचवीस वर्षांच्या आत पडले, आणि कोणालाच जबाब न देणाऱ्यांचे मजले पायातून वरच आले नाहीत.

राजाबाई टॉवर बांधून झाला तेव्हा मुंबईच्या कापसाचा सोन्याचा काळ संपून तेरा वर्षे लोटली होती. ती लक्ष्मी आली तशी गेली. एका मुलाने आईसाठी केलेला संकल्प मात्र २८० फूट उंचीवर राहिला, आणि त्याचे घड्याळ अजूनही मुंबईकरांना वेळ सांगते.